वकीलपत्र दिल्यानंतर

या वेळची बरीचशी पत्रं एकाच गाठीशी येऊन थांबतात: अल्लाहवर भरवसा ठेवायचा म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय करायचं? मी आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली बाई) नाही. ३१ वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. मसल्यांचे, म्हणजे धर्मनियमांचे, बारकावे जाणकारांनाच विचारावेत. मी सांगते ते वॉर्डात आणि मुसल्ल्यावर (नमाजाच्या चटईवर) जे शिकले, तेवढंच. पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. नावांपुढचे (स.), (अलै.), (रजि.) ही आदराने म्हणायच्या दुआंची लघुरूपं आहेत.

प्रश्न: आपा, सलाम. आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं आहे. मी दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं, रिपोर्ट घेऊन चार ठिकाणी फिरलो. रात्री झोप लागत नाही. मामा म्हणाले, "एवढी धावपळ करतोस, म्हणजे तुझा तवक्कुल नाही." तेव्हापासून ते वाक्य मनात रुतून बसलंय. माझं ईमान (श्रद्धा) कच्चं आहे का?

उत्तर: व अलैकुम सलाम. मामांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण त्यांचं म्हणणं मला मान्य नाही.

'तवक्कुल' हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. आपण मराठीत रोज 'वकील' म्हणतो, तो त्याच अरबी धातूतून आलेला. तवक्कुल म्हणजे अल्लाहला आपला वकील करणं, आपलं प्रकरण त्याच्या हाती सोपवणं. आता सांगा, वकीलपत्रावर सही केली म्हणून अशील घरी झोपून राहतो का? कागद आणून द्यावे लागतात, तारखेला हजर राहावं लागतं, विचारलं ते खरं सांगावं लागतं. निकाल आपल्या हातात नसतो. कागद मात्र आपल्याच हातात असतात.

"आधी उंट बांध, मग भरवसा ठेव" ही हदीस (पैगंबरांचं वचन) तुम्ही ऐकलीच असेल. मला त्याहून जवळची वाटते ती हिजरतीची हकीकत. सन ६२२. पैगंबर मुहम्मद (स.) मक्का सोडून मदिनेला निघाले. मदिना उत्तरेला, आणि ते आधी गेले दक्षिणेला, सौरच्या गुहेकडे, म्हणजे शोधणाऱ्यांची दिशाच चुकावी. तिथे तीन रात्री मुक्काम. सोबत निघालेले साथीदार हजरत अबू बक्र (रजि.) यांचा मुलगा दिवसभर मक्केत कानोसा घेऊन रात्री बातमी पोहोचवायचा. आमिर बिन फुहैरा त्या बाजूला मेंढ्या चारायचे, त्यामुळे दूधही मिळे आणि पावलांच्या खुणाही पुसल्या जात. वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकितला मोबदला देऊन ठरवलं होतं. तो मुसलमान नव्हता, पण त्याला वाटा माहीत होत्या आणि तो विश्वासू होता. तीन रात्रींनंतर उंट घेऊन ये, हेही त्याला आधीच सांगून ठेवलेलं.

एवढा बंदोबस्त कुणाचा, तर ज्यांच्याइतका भरवसा कुणाचाच नव्हता त्यांचा. आणि इतकं करूनही शोधणारे गुहेच्या तोंडाशी पोहोचलेच. अबू बक्र म्हणाले, यांच्यापैकी कुणी आपल्या पायांकडे पाहिलं तरी आपण दिसू. तेव्हा उत्तर मिळालं: ज्या दोघांचा तिसरा अल्लाह आहे, त्यांच्याबद्दल तुला काय वाटतं? हे वाक्य गुहेत उच्चारलं गेलं, करण्यासारखं सगळं करून झाल्यावर. मक्केत घरी बसून नव्हे.

तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांना विचारलंत, म्हणजे वाट माहीत असलेल्या माणसाला विचारलंत.

आता झोपेबद्दल. भीती वाटणं म्हणजे भरवसा नसणं नव्हे. जादूगारांच्या दोऱ्या-काठ्या सापांसारख्या सळसळू लागल्या तेव्हा पूर्वीच्या काळचे पैगंबर मूसा (अलै.) यांना मनातून भीती वाटली, हे कुरआनच सांगतं. त्यावर त्यांना रागावलं गेलं नाही, "भिऊ नकोस" असं सांगितलं गेलं. माझ्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी बाहेर होते. आत काय काय बिघडू शकतं याची यादी मला इतरांपेक्षा जास्त पाठ होती. कॉरिडॉरच्या कोपऱ्यात ओढणी अंथरून दोन रकात (नमाजाची दोन आवर्तनं) पढले. सलाम फेरून नमाज संपवल्यावरही गुडघे थरथरतच होते. फरक एवढाच पडला की त्या थरथरत्या गुडघ्यांनी मी पुन्हा बाकावर जाऊन बसू शकले.

आम्हाला नर्सिंगमध्ये शिकवतात, औषधाचं लेबल तीनदा वाचायचं: बाटली उचलताना, औषध काढताना आणि बाटली परत ठेवताना. मी तीनदा वाचायची आणि मग 'बिस्मिल्लाह' म्हणून सुई टोचायची. बिस्मिल्लाह म्हटल्यामुळे एकदाही वाचन कमी केलं नाही. तुम्हीही ऑपरेशनच्या आधी आईची सुरू असलेली सगळी औषधं एका कागदावर लिहून भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आवर्जून सांगा. मग 'हस्बुनल्लाहु व निअमल वकील' म्हणा. आम्हाला अल्लाह पुरेसा आहे आणि तो उत्तम वकील आहे. पूर्वीचे पैगंबर इब्राहिम (अलै.) यांना आगीत टाकलं तेव्हा त्यांच्या ओठांवर हेच शब्द होते.

प्रश्न: मी कॉलेजात शिकते. रमजानमध्ये ठरवते की रोज तहज्जुद (रात्री उठून पढायची जास्तीची नमाज), रोज एक पारा (कुरआनचा तिसावा भाग), हजार वेळा दरूद (पैगंबरांसाठीची दुआ). आठ दिवस जमतं. मग एक दिवस सुटतो, मग स्वतःचाच इतका राग येतो की फजर, म्हणजे पहाटेची नमाजही सुटते. गेली तीन वर्षं हेच चाललंय. नमाजात उभी राहिले तरी मन कुठल्या कुठे जातं. अल्लाहला अशी नमाज हवी तरी का असेल?

उत्तर: बेटा, तुझी यादी मी दोनदा वाचली. ती खाली ठेव. कायमची नाही, काही महिन्यांसाठी.

पाच वेळांचे फर्ज (सक्तीच्या रकाती) मोज: फजर २, जोहर ४, असर ४, मगरिब ३, इशा ४. सतरा रकाती. आधी या सतरा. यांत सूट देणारी मी कोण? पण त्यांच्यावर तू जे रचलंस, ते तूच रचलंस, आणि ते कोसळताना फर्जालाही खाली ओढतंय. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे: अल्लाहला सगळ्यात प्रिय ते काम, जे नेमाने होतं, भले थोडं असो. तू थोडं करून बघितलंच नाहीस.

फजर सुटली तर? एकदा प्रवासात रात्री उशिरा मुक्काम पडला. सगळे थकलेले. जागं राहायची जबाबदारी साथीदार हजरत बिलाल (रजि.) यांनी घेतली. उंटाला टेकून बसले आणि त्यांचाही डोळा लागला. सगळ्यांना जाग आली ती उन्हानं. खुद्द पैगंबर (स.) त्या काफिल्यात होते. त्यांनी थोडं पुढे जाऊन, वुजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) करून, अजान देववून नमाज पढवली. बिलाल यांना कुणी टाकून बोललं नाही. झोपेत किंवा विसरून राहिली, तर आठवताच पढायची. हा नियम तुझ्यासाठीही आहे. सुटलेली फजर उठल्या उठल्या पढ. स्वतःवर रागावत बसण्यात जो वेळ जातो, त्यात दोन रकाती होतात.

आणि त्याबरोबर एकच जास्तीची गोष्ट धर. हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना जातं ओढून घट्टे पडले होते. त्या वडिलांकडे मदतीला माणूस मागायला गेल्या. वडील घरी नव्हते. रात्री पैगंबर (स.) स्वतः आले, लेक-जावयाजवळ बसले आणि म्हणाले, तुम्ही मागितलंत त्याहून चांगलं सांगू का? झोपताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणा. जावई म्हणजे हजरत अली (रजि.). ते पुढे सांगत की त्या रात्रीनंतर मी हे कधी सोडलं नाही. कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? ६५७ सालची ती लढाई, मुसलमान मुसलमानांसमोर उभे ठाकलेले. म्हणाले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही. शंभर शब्द आहेत, बेटा. बोटांच्या पेरांवर होतात. मी रात्रपाळीत बूट काढता काढता म्हणायची.

मन भटकण्याबद्दल: मी नमाजात उभी असतानाही सलाईनचे थेंब मोजत असे. कित्येक वर्षं. लाज वाटायची. मग मी एकच केलं, प्रत्येक रकातीत फातिहा (कुरआनचा पहिला अध्याय) पढताना एका आयतीवर (ओळीवर) थांबू लागले. 'इय्याक नअबुदु व इय्याक नस्तईन.' आम्ही तुझीच भक्ती करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो. आधी भक्ती, मग मदत, दोन्ही एका श्वासात. सतरा फर्ज रकातींमध्ये सतरा वेळा ही आयत येते. सतरापैकी दोनदा जरी मन तिथे सापडलं, तरी मी त्या दिवशी अल्लाहचे आभार मानते. उरलेल्या पंधरा वेळा तोंडाने तरी खरं तेच बोलले ना.

प्रश्न: मी मुसलमान नाही. ऑफिसातला एक सहकारी प्रत्येक कामाला 'इन्शाअल्लाह' म्हणतो आणि काम होत नाही. याचा अर्थ 'बघू' असाच धरायचा का?

उत्तर: नाही. कुरआनात सांगितलंय की 'हे मी उद्या करीन' असं म्हणताना 'अल्लाहने इच्छिलं तर' हे जोडा. म्हणजे आधी 'मी करीन' आहे. ज्याचा करण्याचा इरादाच नाही, त्याने हा शब्द वापरू नये, आणि तो असा वापरला जातो याचं मला फार वाईट वाटतं. सहकाऱ्याला शांतपणे तारीख विचारा. त्यात त्यांच्या श्रद्धेचा काही अवमान नाही.

प्रश्न: माझे पती सात महिने आजारी होते. मी एक रात्र सोडली नाही, सजद्यात (जमिनीला कपाळ टेकून) रडून मागितलं. ते गेले. लोक सांगतात, दुआ वाया जात नाही. मी फर्ज नमाज पढते, पण दुआसाठी हात उचलले की हात जड होतात. काही मागावंसंच वाटत नाही. मी गुन्हेगार आहे का?

उत्तर: माझा धाकटा मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. म्हणून तुमच्या जड हातांबद्दल मला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

दुआचं फळ कधी इथे मिळतं, कधी त्याऐवजी एखादं संकट टळतं, कधी ते आखिरतसाठी (मृत्यूनंतरच्या जीवनासाठी) राखलं जातं, हे लोकांनी तुम्हाला सांगितलंच असेल. माझा त्यावर विश्वास आहे. पण आज ते तुमच्यापुढे मांडणार नाही. मला सांगितलं तेव्हा मला ते दाराबाहेरून आल्यासारखं वाटलं होतं.

पैगंबर (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहिम त्यांच्या हातांत शेवटचे श्वास घेत होता. त्यांचे डोळे वाहू लागले. जवळच्या एका साथीदाराला आश्चर्य वाटलं: तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, ही दया आहे. डोळे रडतात, मन दुःखी होतं, आणि तोंडाने आम्ही तेच बोलतो जे आमच्या रबला (पालनकर्त्याला) आवडेल. तुम्ही रडताय आणि फर्जही पढताय. यात मला गुन्हा दिसत नाही.

हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे पती अबू सलमा वारले तेव्हा त्यांना शिकवलेली दुआ आठवली: या संकटात मला मोबदला दे आणि याहून चांगलं दे. आणि मनात आलं, अबू सलमांहून चांगलं कोण असणार? तसं मनात असतानाच त्यांनी ती दुआ म्हटली. पुढे त्यांच्या आयुष्यात काय घडलं ते बाजूला ठेवू. मला त्या विधवा बाईचा तो क्षण फार जवळचा वाटतो. मनाला पटत नव्हतं, ते त्यांनी लपवलंही नाही, आणि तोंड फिरवलंही नाही.

मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजानंतर) मुसल्ल्यावर जितकं बसवेल तितकं बसा. हात उचलू नका. काही मागू नका. मी कित्येक महिने अशीच बसत होते. एके दिवशी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णासाठी हात वर गेले, माझ्यासाठी नाही.

पुढच्या पत्रात तुमच्या पतींबद्दल लिहा. ते कसे होते, कशावर हसायचे. मला वाचायचंय.