पावसाळ्यात कोलकाता, हाताशी एकच दिवस

प्रश्न: मुलीला शांतिनिकेतनला कलाभवनात प्रवेश मिळाला आहे. जुलैअखेर तिला सोडून परतताना सोमवारी सकाळी बोलपूरहून हावड्याला उतरू. नागपूरची गाडी रात्रीची आहे. सोबत आई आहे, वय ७२, गुडघे दुखतात. टॅक्सी ठरवून व्हिक्टोरिया, प्राणिसंग्रहालय, कालीघाट आणि बेलूर मठ पाहायचा विचार आहे. पाऊस असणारच. जमेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: आधी एक विनंती, सोमवार टाळा. व्हिक्टोरिया मेमोरियल आणि भारतीय संग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद असतात. लेकीजवळ एक दिवस जास्त राहा आणि मंगळवारी निघा.

टॅक्सीचा बेतही सोडा. मी कोलकात्याच्या भवानीपुरात बरीच वर्षं काढली आहेत, तिथला पाऊस मला ठाऊक आहे. या शहराचा उतार गंगेकडे नाही, तो पूर्वेच्या पाणथळ भागाकडे आहे. त्यात गंगेला भरती आली की नाल्यांची दारं बंद करावी लागतात, नाहीतर नदीचं पाणी उलटं आत येईल. नेमकी तेव्हाच मोठी सर आली तर रस्त्यावरचं पाणी तासन्‌तास हलत नाही. ठनठनिया, कॉलेज स्ट्रीटकडे तर गुडघाभर साचतं. चार टोकांची चार ठिकाणं धरलीत तर दिवस टॅक्सीतच जाईल. शिवाय बेलूर मठ दुपारी काही तास बंद असतो, आणि कालीघाटच्या गर्दीत, ओल्या फरशीवर आईंना नेऊच नका.

सामान हावड्याच्या क्लोक रूममध्ये टाका आणि तिथूनच मेट्रो धरा. २०२४ मध्ये सुरू झालेली ही मेट्रो गंगेच्या खालून जाते, नदीखालचं अंतर मिनिटभरातच संपतं. स्टेशन खूप खोल आहे, पण सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. एस्प्लनेडला गाडी बदला, पुढचंच स्टेशन पार्क स्ट्रीट. तिथून भारतीय संग्रहालय जवळ आहे.

हे संग्रहालय १८१४ सालचं. सगळी दालनं पाहायच्या फंदात पडू नका. तळमजल्यावर भरहुतचं दालन आहे, अर्धा दिवस त्यालाच द्या. मध्य प्रदेशातल्या सतनाजवळचा हा स्तूप, त्याचा तांबूस दगडी कठडा इथे आणून उभा केला आहे. कोरीवकाम सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचं. त्यात जेतवनाच्या खरेदीचं एक गोल शिल्प आहे, ते नक्की शोधा. अनाथपिंडिक या व्यापाऱ्याने बुद्धासाठी जेतवन ही बाग विकत घेताना सगळी जमीन नाण्यांनी झाकली, ती गोष्ट. नाणी चौकोनी आहेत, माणसं ती खाली एकाला एक लावून मांडताहेत. बाजूला रिकामी बैलगाडी, आणि जू काढलेले बैल निवांत बसलेले. खाली ब्राह्मी लिपीत चित्राचा मजकूरही कोरला आहे. तुमची लेक आता चित्रकलाच शिकणार आहे. एवढ्याशा वर्तुळात एक अख्खा व्यवहार त्या कारागिरांनी कसा बसवला हे नीट पाहून घ्या आणि रात्री फोनवर तिला सांगा. पुढच्या सुट्टीत ती स्वतःच जाऊन उभी राहील.

दुपारी जेवायला खिचुडी मागवा. भाजलेली मूगडाळ, गोविंदभोग तांदूळ, वर तूप आणि सोबत वांग्याची भजी, म्हणजे बेगुनी. पावसात तिथे घरोघरी हेच शिजतं. मासे खात असाल तर तळलेला इलिश घ्या, आईंसाठी ‘निरामिष’, म्हणजे शाकाहारी, सांगा.

नंतर न्यू मार्केट. १८७४ सालचा हा बाजार छताखाली आहे, त्यामुळे पाऊस आडवा येत नाही. आत नाहूम ही १९०२ पासूनची ज्यू बेकरी आहे, तिथला प्लम केक गाडीत खायला बांधून घ्या. आभाळ उघडलं तरच व्हिक्टोरिया. बागेतल्या वाटा ओल्या असल्या तर मी आईंना चालवणार नाही, बाहेरून पाहिलं तरी पुष्कळ.

बाबूघाटाहून हावड्याला होडीने जा, असं कुणी सुचवेल. ओहोटीला धक्क्यावरचा लोखंडी पूल चांगलाच तिरका होतो आणि ओला असला की पाय घसरतो. गुडघेदुखीला ते नको. हावडा पूल स्टेशनाबाहेर आलात की समोरच दिसतो.

छत्रीपेक्षा रेनकोट बरा. पकड असलेल्या सँडल घाला, बूट नकोत. साचलेल्या पाण्यातून चालायची वेळ आलीच तर उघड्या मॅनहोलची भीती असते, स्थानिक माणसाच्या मागूनच चाला.

परततानाही मेट्रोच घ्या. पावसात पुलावर वाहनं अडकतात. नागपूरकडच्या गाड्या बहुतेक हावड्याच्या नव्या संकुलातून सुटतात, जुन्यापासून ते बरंच लांब आहे. आईंचं तेवढं चालणं वेळेच्या हिशेबात धरा.