अ‍ॅपवर सगळ्या टिका हिरव्या, तरी हिरड्यांतून रक्त

एका आईचा प्रश्न जसाच्या तसा लिहिते, कारण वेगवेगळ्या घरांतून तो सारखा येतो: "मॅडम, आधीच हातातला मोबाइल सुटत नाही, त्यात डेंटिस्टनी ब्रशचं अ‍ॅप टाकायला सांगितलं, ते टाकलं तरी पोरगा ब्रश करत नाही, मग उपयोग काय ह्याचा?"

मुलगा नववीतला, 14 वर्षांचा. दातांना तारा लावून वर्ष झालेलं. हिरड्या सुजलेल्या, तारेच्या चौकोनांभोवती पांढरट डाग दिसायला लागलेले, आणि डॉक्टर म्हणाले होते की असंच चाललं तर तारा मध्येच काढाव्या लागतील. पैसे भरून झालेले, बाबा चिडलेले, रोज रात्री घरात ह्यावरून वाद.

आईने मला अ‍ॅप दाखवलं, ब्रश केला की त्यात टिक करायची. महिनाभर सकाळ-रात्र सगळ्या टिका हिरव्या! पण अ‍ॅप होतं आईच्या फोनमध्ये. मी ताईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला विचारलं, टिक कोण करतं रे? म्हणाला, "मीच. आई विचारते केलास का, मी हो म्हणतो, नाही म्हटलं की अर्धा तास ऐकायला लागतं."

मग हळूहळू बोलला. ब्रश केला की रक्त यायचं, त्याला वाटायचं आपण ब्रशनेच हिरड्या फाडतोय, म्हणून तो ती जागाच सोडायचा. हे त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं, आणि मला ह्याचं फार वाईट वाटलं, कारण इतक्या भांडणांत त्याला "का नाही करत" हे कुणी शांतपणे विचारलंच नव्हतं. खरं म्हणजे हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचतो, त्याने हिरडी सुजते आणि रक्त येतं, त्यामुळे ब्रश टाळला की थर वाढतो आणि रक्तही. मऊ ब्रशने तिथेच हळुवार घासायचं असतं. दुसरं कारण साधं होतं, गेम खेळता खेळता साडेअकरा व्हायचे आणि तो तसाच झोपायचा.

अ‍ॅपबद्दल माझं मत सांगते. नेदरलँड्समध्ये तारा लावलेल्या मुलांसाठी 'व्हाइट टीथ' नावाचं अ‍ॅप बनवलं, त्यात नुसती आठवण करून देणारी घंटी नाही, मुलाने स्वतः ठरवायचं कधी आणि कुठे ब्रश करणार, थर रंगवणारी गोळी चावायची, दातांचा सेल्फी काढून कुठे राहिलं ते बघायचं. 12 आठवड्यांनी त्या मुलांच्या दातांवरचा थर बाकीच्यांपेक्षा कमी झालेला दिसला. उलट ब्रिटनमध्ये 11 ते 13 वयाच्या मुलांना शाळेत एक तास आणि नंतर ब्रशची आठवण करणारे मेसेज दिले, तर 6 महिन्यांनी दोनदा ब्रश करतो म्हणणारी मुलं वाढली, पण अडीच वर्षांनी किडलेल्या दातांमध्ये फरक दिसला नाही. म्हणून मी पालकांना सांगते, आठवण करून देणं हा ह्यातला छोटा भाग आहे, मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी थर दिसला पाहिजे.

आम्ही काय केलं? आईच्या फोनमधलं अ‍ॅप काढलं. त्याच्या फोनमध्ये 2 मिनिटं गाणं वाजवणारं 'ब्रश डीजे' टाकलं, एका ब्रिटिश डेंटिस्टने बनवलेलं, गाणी त्याने निवडली. वेळ रात्री नऊची, जेवण झाल्या झाल्या, गेमच्या आधी. फोन बेसिनवरच्या फळीवर, नोटिफिकेशन बंद, नाहीतर 2 मिनिटांची 40 होतात, ही आईची भीती खरीच होती. दर रविवारी डॉक्टरांकडून आणलेली रंगाची गोळी आणि एक फोटो, फोटो फक्त तो, मी आणि डॉक्टर बघणार. आणि आईने विचारायचं नाही! ताईंना हे सगळ्यात जड गेलं, दोनदा फोन करून म्हणाल्या, "मॅडम, जीभ आवरत नाहीये."

पहिल्या रविवारी फोटो बघून तो म्हणाला, "शी, हे माझे दात आहेत?" तारेखाली सगळं जांभळं. तारांमध्ये घालायचा तो बारीक ब्रश डॉक्टरांनी कधीच दिला होता, पाकीट फोडलेलंच नव्हतं, ते त्याने त्याच दिवशी स्वतःहून फोडलं. त्या आठवड्यात 7 पैकी 4 रात्री ब्रश झाला आणि तीन रात्री नाही झाला हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, आईच्या फोनमधल्या त्या महिनाभराच्या टिकांपेक्षा मला ह्या 4 रात्रींचा आनंद जास्त झाला.

सगळ्यांना अ‍ॅप लागतंच असं नाही हां, एका मुलीला आरशाशेजारी टांगलेलं कॅलेंडर पुरलं. आणि फुकटचं अ‍ॅप घेताना जाहिराती किती आणि परवानग्या कसल्या मागतंय तेवढं बघून घ्या.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले सूज उतरलीये, रक्त जवळजवळ थांबलंय. पांढरे डाग मात्र आहेत, ते असे सहज जात नाहीत, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. तारा राहिल्या.

परवा ताईंचा घाबरून फोन, "मॅडम, त्याने ते गाण्याचं अ‍ॅप काढून टाकलं हो!" मी म्हटलं, ब्रश करतो का? म्हणाल्या, "मी विचारलं नाही, खरंच नाही. पण नऊ वाजले की बाथरूममधून गुणगुणल्याचा आवाज येतो."