वाचकांचे प्रश्न : कोडेशोधाचा खेळ रचताना

प्रश्न : आम्ही लातूरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. प्रकल्प म्हणून 60 मुलांसाठी 2 तासांचा सांघिक कोडेशोध रचतोय. 10 चिठ्ठ्यांची साखळी केली, एका चिठ्ठीत पुढचीचा ठावठिकाणा. रंगीत तालमीत निम्मे संघ दुसऱ्याच चिठ्ठीवर अडकले. काय बदलावे?
– चार विद्यार्थी, लातूर

उत्तर : साखळीच सोडा. साखळीत एक कडी अडली की पुढचे सगळे बंद, आणि सगळे संघ एकाच कोपऱ्यात गर्दी करतात. 5 जणांचे 12 संघ करा. प्रत्येक संघाला 4 कोडी एकदम द्या, प्रत्येकाच्या 2 प्रती, म्हणजे 96 कागद. वर 10-12 जादा ठेवा. प्रत एकच असली तर दोघे सोडवतात आणि बाकीचे बघत बसतात.

प्रत्येक कोड्याचे उत्तर एकच शब्द हवा आणि चारही उत्तरांतून शेवटचे कोडे सुटायला हवे. उदाहरणार्थ, उत्तरे देगलूर, किनवट, उदगीर, कळमनुरी अशी ठेवा आणि कागदांच्या कोपऱ्यात अनुक्रमे 1, 3, 3, 5 हे आकडे छापा. उत्तरातले त्या क्रमांकाचे अक्षर घेतले की दे, व, गी, री मिळतात. ‘देवगिरी’त गि ऱ्हस्व आहे, ‘उदगीर’मधली गी दीर्घ. काटेकोर मुलगी इथे हमखास थबकणार. म्हणून ‘काना-मात्रा-वेलांटी सोडा, जोडाक्षर एकच धरा’ हा नियम कागदावरच छापा. मग द-व-ग-र उरते, आणि शेवटच्या कोड्याच्या शीर्षकात किल्ल्याचा इशारा असेल तर तीन उत्तरांवरही चलाख संघ पोचतो. असे पोचू द्यावे, त्यात खेळाची खरी मजा आहे. नुसती आद्याक्षरे जोडायची असतील तर ण आणि ळ असलेले अंतिम शब्द टाळा. त्यांनी सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही.

वेळेचा अंदाज इथेच फसतो. रचणाऱ्याला 10 मिनिटांचे वाटणारे कोडे नव्या संघाला सहज अर्धा तास खाते, कारण पद्धत तुम्हाला माहीत असते, त्यांना ती शोधावी लागते. म्हणून कोडी माहीत नसलेल्या दोन संघांकडून आधी सोडवून घ्या. तेव्हा तुम्ही तोंड उघडायचे नाही. पहिली योग्य कल्पना किती मिनिटांनी सुचली आणि कोणत्या चुकीच्या वाटेवर किती वेळ गेला, एवढेच टिपा. परीक्षकांपुढे ठेवायला हा तक्ता कोणत्याही आकृतीपेक्षा जास्त मोलाचा आहे. चाचणी झेरॉक्सवरच घ्या. रंगावर बेतलेले कोडे काळ्या-पांढऱ्या प्रतीत मरते.

प्रत्येक कोड्याला 3 इशारे आधीच लिहून ठेवा : कुठे पाहायचे, कोणती पद्धत, आणि जवळजवळ उत्तर. चाचणीत लागलेला वेळ उलटला की पहिला द्या. इशाऱ्याचे गुण कापू नका. कापले की अडलेले संघ मागतच नाहीत आणि कंटाळून उठून जातात.

खेळ मैदानात असेल तर जानेवारी-फेब्रुवारीची सकाळ धरा. एप्रिलच्या उन्हात डोके चालत नाही. दौलताबाद किंवा बीबी का मकबरा अशा संरक्षित वास्तूंवर कागद चिकटवू नका, खडूही लावू नका. तिथे जे आहे तेच मोजायला किंवा वाचायला लावा.

प्रश्न : उत्तरे गुगल फॉर्ममध्ये तपासतो. बरोबर उत्तरही कधी कधी चूक ठरते.
– एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : शेवटची मोकळी जागा, ऱ्हस्व-दीर्घ, आणि कळफलकाने घुसवलेली अदृश्य जोडचिन्हे ही नेहमीची कारणे. तुलना करण्याआधी जागा व अदृश्य चिन्हे काढा, ि ला ी आणि ु ला ू करा, युनिकोड (अक्षरांचे संगणकी संकेतांक) एका रूपात आणा, कारण दिसायला सारखे अक्षर दोन प्रकारे साठलेले असू शकते. हीच प्रक्रिया साठवलेल्या उत्तरावरही करा, नाहीतर जुळणारच नाही. फॉर्ममधल्या तपासणीच्या अटीत टाकलेले उत्तर पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, दिसते; संगणकाची मुले ते 5 मिनिटांत काढतील. सर्व्हरवर तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. तेवढा वेळ नसेल तर टेबलावर उत्तरपत्रिका घेऊन एक जण बसवा, 12 संघांना तो पुरतो.