रेड डेड रिडेम्प्शन २ पहिल्यांदाच खेळून राहिलो, नकाशा बघूनच डोकं गरगरतं, सुरुवात कुठून करू?

भाऊ, तू लिहिलंय की सेलमधे गेम घेतला, पहिले काही तास नुसत्या बर्फातच गेले, आता कुठे खाली हिरव्या भागात आलाय आणि नकाशा उघडला तर काय करावं तेच समजून नाही राहिलं, त्यात सवय जीटीएची, म्हणजे शहरात गाड्या पळवायच्या त्या गेमची. मी भुसावळचा, हा गेम मी प्लेस्टेशनवर पण खेळलोय आणि लॅपटॉपवर पण, तर माझ्या मते जे कामाचं आहे तेवढं सांगतो.

पहिले जीटीए डोक्यातून काढ. कंपनी तीच आहे, रॉकस्टार, पण इथं काळ १८९९ चा आहे, गाडी नाही, मोबाईल नाही, आणि गेम मुद्दाम हळू ठेवलाय. बर्फातल्या ओसाड कोल्टर गावचा तो पहिला चॅप्टर लोकांना लय बोर होतो, तिथं मोकळं फिरूच देत नाही, ब्लॅकवॉटर गावातला दरोडा फसल्यामुळं आपली टोळी, म्होरक्या डच, पळून डोंगरात लपलेली असते म्हणून. आपण खेळतो तो त्यातला आर्थर. अर्धी पब्लिक तिथंच गेम डिलीट मारते. तू तो पार केला ना, मंग झालं, खरा गेम दुसऱ्या चॅप्टरपासून आहे, हॉर्सशू ओव्हरलूकच्या कॅम्पपासून. आणि या दुसऱ्या चॅप्टरमधे जितकं रमता येईल तितकं रम, पुढं स्टोरी वेग घेते, आणि काही अनोळखी लोकांची कामं चॅप्टर बदलला की निघूनच जातात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बटणाचा. समज तू व्हॅलेंटाइन गावात घोड्यावरून उतरला, समोरून एक जण चिखलातून येऊन राहिला. हात रिकामा असला आणि उजवं माऊस बटण दाबून धरलं तर त्याला रामराम घालायचा का त्याच्याशी भांडण उकरायचं असे ऑप्शन येतात. पण हातात बंदूक असली तर तेच बटण थेट त्याच्यावर नेम धरतं! मंग तो बोंबलत सुटतो, कुणीतरी बघणारा शेरीफकडं पळतो, आणि पाच मिनिटांत आख्खं गाव तुझ्या मागं. म्हणून गावात शिरायच्या आधी टॅब दाबून बंदूक आत. आणि घोळ झालाच तर गोळीबार करत बसू नको, जो साक्षीदार पळून राहिला त्याला गाठून धमकाव, तो गप्प बसला की मॅटर तिथंच मिटतं. डोक्यावर बाउंटी, म्हणजे पकडायचं इनाम, बसलीच तर पोस्टात जाऊन पैसे भरून टाक, व्हॅलेंटाइनचं पोस्ट रेल्वे स्टेशनातच आहे. फक्त पोलीस मागं असताना जाऊ नको, आधी गायब हो आणि मंग जा.

आता घोडा. सारंगखेड्याच्या यात्रेत लोक घोडा घेताना कसे दात बघतात, चाल बघतात, दोन फेऱ्या मारून बघतात, तितकं लक्ष इथं घोड्याला दे, कारण या गेममधे घोडा मेला की मेला, परत येत नाही. हॉर्स रिव्हायव्हर नावाचं औषध तबेल्यात मिळतं, एक तरी कायम जवळ पाहिजेच. खायला घाल, ब्रश मार, घाबरला की थोपट, असं करत बाँडिंग, म्हणजे त्याची आपल्याशी गट्टी, चार लेव्हलपर्यंत वाढतं, आणि जितकं वाढतं तितका तो लांबून शिट्टी ऐकतो आणि गोळीबारात कमी बिचकतो. पळवताना शिफ्ट धडाधडा दाबू नको, टापांच्या तालात दाब, दम कमी लागतो.

फुकटात भारी घोडा पाहिजे असला तर नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, बर्फात, लेक इझाबेला म्हणून तळं आहे, तिथं पांढरा अरेबियन जातीचा घोडा फिरत असतो. आधी टोळीतल्या म्हाताऱ्या होझेआसोबतचं अस्वलाच्या शिकारीचं मिशन करून घे म्हणजे तबेल्याचं सगळं समजेल, मंग जाड कोट घालून जा, नाहीतर थंडीनं तब्येत उतरत जाते. लांबूनच हळू चाल, तो मान वर करून बघायला लागला की थांब, त्याला शांत करायचं बटण दाब, परत दोन पावलं. घाई केली का तो गेला. आणि पकडल्यावर आपलं खोगीर त्याच्यावर टाकायला विसरू नको.

स्क्रीनवर खाली तब्येतीचे, दमाचे जे गोल दिसतात ना, त्यात मधलं चित्र म्हणजे कोअर, मुळातली ताकद, आणि बाहेरचं कडं म्हणजे पळताना, मार खाताना खर्च होतं ते. लोक फक्त कडं बघतात. कोअर रिकामा असला तर कडं भरायलाच वेळ लागतो. खाणं, झोपणं, एवढं केलं तरी पुरतं, कॅम्पात आचारी पिअरसनचा रस्सा दिवसातून एकदा खात जा. त्यासाठी गाइड बिइड वाचायची गरज नाही.

शिकारीचं एकच लक्षात ठेव, दुर्बिणीतून जनावराला किती तारे आहेत ते बघ, तीन असतील तरच परफेक्ट कातडं मिळतं, आणि ते पण योग्य हत्यारानं नीट मारलं तर. सशाला शॉटगन मारशील तर हातात चिंध्या येतील. मेलेलं जनावर घोड्यावर टाकून दोन दिवस फिरू नको, ते सडतं.

पैशाचं म्हणशील तर सुरुवातीला सगळे रडतात. कॅम्पच्या खाली दक्षिणेला लिम्पनी नावाचं जळून खाक झालेलं गाव आहे, काळ्या लाकडांचे सांगाडे नुसते. त्यात शेरीफच्या ऑफिसात टेबलाखाली एक पेटी आहे, उघड, सोन्याची वीट निघते. ती चोरीचा माल घेणाऱ्याकडं ५०० डॉलरला जाते, पण हा माणूस एमराल्ड रँचला आहे आणि होझेआच्याच एका मिशनमधून ओळख होते, तोवर खिशात राहू दे. १८९९ मधे ५०० डॉलर म्हणजे काय रक्कम आहे विचार कर.

हे पैसे बंदुकांवर उडवू नको. टोळीचा सावकारी बघणाऱ्या स्ट्रॉसचं वसुलीचं मिशन झालं की कॅम्पात खर्चाची वही उघडते, तिच्यात आधी डचचा तंबू आणि मंग आर्थरचा स्वतःचा अपग्रेड कर, की आर्थरच्या गाडीपाशी नकाशा लागतो आणि फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे एका झटक्यात लांब पोचणं, सुरू होतो. पण तो कॅम्पातूनच लागतो, वाट्टेल तिथून नाही. तसंही मी तो कमीच वापरतो, रस्त्यातच जास्त मजा आहे, कुणी साप चावला म्हणून ओरडतं, कुणी फसवायला बसलेलं असतं. कंटाळा आला तर नकाशावर ठिकाण लाव, घोडा पळव आणि व्ही दाबून धर, सिनेमासारखा कॅमेरा लागतो आणि घोडा रस्त्यानं आपोआप जातो, तेवढ्यात चहा घेऊन ये.

लॅपटॉपचं पण विचारलंय तू. जागा १५० जीबी लागते, रॅम ८ जीबीमधे चालतो पण १२ असेल तर सुखानं, आणि एसएसडीवरच टाक. सेटिंगमधे एमएसएए (कडा गुळगुळीत करणारं) बंद, पाण्याचं फिजिक्स आणि व्हॉल्यूमेट्रिक (धुकं, उजेडाचे झोत) कमी, टेक्श्चर (वस्तूंवरचा बारकावा) मात्र अल्ट्रा ठेव, त्याला जास्त भार नाही ग्राफिक कार्डची मेमरी असेल तर. बाकी आपल्याकडं मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीत कुठलंच सेटिंग कामाचं नाही, लॅपटॉप तापून फ्रेम पडतात, चित्र अडखळतंच, सकाळी नाहीतर रात्री खेळ. लाइट जायचा भरवसा नाही, आणि मिशन मधेच बंद पडलं तर ते पहिल्यापासून करावं लागतं, म्हणून मोठं मिशन घ्यायच्या आधी हातानं सेव्ह मारत जा. सबटायटल चालू ठेव, त्यांची ती जुनी इंग्लिश कानाला लवकर समजत नाही.

आणि ब्लॅकवॉटरकडं आत्ताच जाऊ नको भो, तिकडं तुझ्या नावावर आधीच मोठी बाउंटी आहे, गेम तुला उभा राहू देणार नाही. यूट्यूबवर आर्थरचं नाव टाकून सर्च पण मारू नको, खालच्या थंबनेलमधेच शेवट दिसून जातो.