टीएसआयमध्ये काळं आलं म्हणजे साल्मोनेलाच का?

तुम्ही लिहिलंय की जुलाबाच्या पेशंटच्या शौचाच्या नमुन्यातून मॅकॉन्की या वाढीच्या माध्यमावर रंगहीन कॉलनी आल्या, टीएसआय (ट्रिपल शुगर आयर्न, तीन साखरा आणि लोह असलेलं माध्यम) ट्यूबचा स्लँट (वरचा तिरका भाग) लाल, बट (तळाचा भाग) काळा, आणि आता रिपोर्टवर साल्मोनेला लिहायचं का. थांबा, आधी युरियाची चाचणी लावा; जंतूने युरिया फोडला तर ट्यूब गुलाबी होते.

मी शिकत असताना नेमकं हेच केलं होतं. काळी ट्यूब बघून वहीत मोठ्या अक्षरांत साल्मोनेला लिहिलं. दुसऱ्या दिवशी युरियाची ट्यूब गुलाबी! प्रोटियस हा दुसराच जंतू निघाला. मॅकॉन्कीवर तो पसरत नाही, त्यामुळे कॉलनी अगदी साळसूद दिसते; ब्लड अगारवर (रक्त घातलेल्या माध्यमावर) टाकला असता तर लाटांसारखा पसरून त्यानेच ओळख दिली असती. साल्मोनेला युरिया फोडत नाही, प्रोटियस काही तासांतच फोडतो. सिट्रोबॅक्टर फ्रॉइंडी हा जंतूही असाच काळा येतो. तिथे लायसिनची चाचणी (जंतू हे अमिनो आम्ल फोडतो का) कामाला येते: साल्मोनेला बहुधा पॉझिटिव्ह, सिट्रोबॅक्टर निगेटिव्ह.

टीएसआय पाठ करू नका, आत काय चाललंय ते बघा. ग्लुकोज फक्त ०.१ टक्का, लॅक्टोज आणि सुक्रोज १-१ टक्का. ग्लुकोज लवकर संपतं. ज्याला बाकीच्या दोन्ही साखरा पचत नाहीत तो हवेतल्या स्लँटवर पेप्टोनकडे (प्रथिनांच्या तुकड्यांकडे) वळतो, अल्कली तयार होते आणि स्लँट पुन्हा लाल होतो. म्हणून १८ ते २४ तासांतच वाचायचं. सहा तासांनी बघितलंत तर आम्लामुळे सगळंच पिवळं दिसेल. बूच घट्ट लावलं तरी हवेअभावी फसाल. बट काळा असेल तर खाली आम्ल झालंय असंच धरा. काळ्यामुळे पिवळा झाकला जातो, एवढंच.

उलटही होतं. टायफॉइडचा साल्मोनेला टायफी गॅस करत नाही आणि काळं म्हणाल तर स्लँट-बटच्या सांध्यावर मिशीएवढी रेघ. नवखी मंडळी त्याला शिगेला (हगवणीचा जंतू) समजून बसतात. मोटिलिटी बघा: टायफी हलतो, शिगेला हलत नाही.

सिट्रेटच्या चाचणीला (जंतू सिट्रेटवर वाढतो का, वाढला तर निळा) सरळ वायरने अगदी हलकी रेघ ओढा. सोबत आधीचं माध्यम गेलं तर खोटा निळा येतो. ऑक्सिडेज या एन्झाइमची चाचणी मॅकॉन्कीवरच्या कॉलनीतून करू नका, साध्या न्यूट्रिएंट अगारवर एकटी कॉलनी वाढवून घ्या. बाकी चाचण्यांनाही तीच वापरा, मिसळ कल्चरवर कुठलाच तक्ता जुळत नाही.

हे सगळं जमलं की अँटिसेरा (साल्मोनेलाविरुद्धच्या अँटिबॉडी असलेला द्रव) लावून स्लाइडवर गुठळ्या होतात का बघा, आणि मगच रिपोर्टवर नाव लिहा.