वॉशिंग मशीनसाठी गिझर जिन्याखाली हलवावा का?

तुम्ही लिहिलंय, लातूरचं घर आहे, बाथरूममधला २५ लिटरचा उभा गिझर वॉशिंग मशीनच्या झाकणाला आडवा येतो आणि जिन्याखालची जागा नळापासून १० मीटर लांब आहे. माझं मत: तिकडे नेऊ नका.

पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं. म्हणजे दर वेळी गरम पाणी यायच्या आधी अडीच लिटर थंड पाणी सोडावं लागणार, आणि नळ बंद केला की तेवढंच गरम पाणी पाइपात निवत बसणार. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथे हे रोज सांडणं मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा त्याच बाथरूममध्ये दारावर, छताखाली आडवा गिझर बसवा. उभाच आडवा टांगू नका, त्यासाठी आडवं मॉडेलच लागतं. पाण्यासकट वजन ३५ किलोच्या आसपास जातं, त्यामुळे भिंत पक्क्या विटांची हवी. बोअरचं पाणी असेल तर आत क्षार साचतात, म्हणून मिस्त्रीचा हात पोचेल एवढी जागा नक्की सोडा.

तरीही हलवणारच असाल तर गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप, वरून फोमचं आवरण, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. गॅस गिझर असेल तर मात्र जिन्याखालच्या कोंदट जागेत अजिबात नको, विषारी वायू साचून जीव जातो.