तुमचे प्रश्न: पंचवीस वर्षं एकच मिशी!

प्रश्न: मुलगा आणि सून रात्री अगाथा ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेराची जुनी ब्रिटिश सिरियल लावून बसतात, त्यांच्या नादानं मलाही चटक लागली. त्यातले डेव्हिड सूशे म्हणे इतकी वर्षं तोच रोल करत राहिले. कंटाळा नाही आला? की दुसरं कामच मिळेना? – एक वाचक, सांगली

उत्तर: काम मिळेना कसं म्हणता, अहो! 1989 ते 2013, एकूण 70 भाग, हे खरंय, पण आपल्या डेली सोपसारखं रोज उठून शूटिंग नसायचं, एका सीझनला कधी दहा भाग तर कधी चारच, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी तर काही वर्षं सगळं बंदच होतं. तेवढ्यात त्यांनी 'अमेडियस' नाटकात मोझार्टचा प्रतिस्पर्धी संगीतकार सालिएरी केला, लंडनमध्ये गाजवला, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला नेला, टोनी या नाट्यपुरस्काराचं नॉमिनेशन मिळवलं. मुळात ते रॉयल शेक्सपियर कंपनी या नाटक मंडळीत मुरलेले. 2007 मध्ये टीव्हीवर पेपरांचा मालक शेठ रॉबर्ट मॅक्सवेल रंगवला, त्याला इंटरनॅशनल एमी हा टीव्हीचा पुरस्कार. हॉलिवूडनं मात्र 'एक्झिक्युटिव्ह डिसिजन'मध्ये विमान पळवणारा दहशतवादी करायला लावलं. असो.

गंमत म्हणजे 1985 च्या एका टीव्ही फिल्ममध्ये पीटर उस्तिनोव्ह प्वारो होते आणि सूशे त्याच्या कथांमधला पोलीस इन्स्पेक्टर जॅप! ते काम अगदीच वाईट झालं असं ते स्वतःच सांगतात.

आता कंटाळ्याचं. मला वाटतं ते रोल करत नव्हते, राखण करत होते. आधी पुस्तकं वाचून प्वारोच्या सवयींची यादी काढली, 93 मुद्दे, पहिलाच मुद्दा की हा बेल्जियन आहे, फ्रेंच नाही. स्वतःचा आवाज भारदस्त, छातीतला, तो चढवून डोक्यात नेला. ख्रिस्तीबाईंच्या मुलीनं जेवायला बोलावून बजावलं होतं की लोकांनी प्वारोबरोबर हसावं, प्वारोला हसू नये. सुरुवातीच्याच एका शूटिंगला बाकावर बसण्याआधी रुमाल अंथरायचा की नाही यावरून डायरेक्टरशी वाजलं. डायरेक्टर म्हणाला हास्यास्पद दिसेल, हे म्हणाले प्वारो असाच बसणार. शेवटी निर्माते ब्रायन ईस्टमन यांनी सूशेंची बाजू घेतली आणि रुमाल अंथरला गेला. एवढ्या तेवढ्यावरून अडून बसणारा नट डोक्याला तापच, पण म्हणूनच पात्र शेवटपर्यंत ढिलं पडलं नाही.

(ज्यांनी प्वारोची शेवटची गोष्ट 'कर्टन' वाचली नाही त्यांनी इथेच थांबा.) प्वारोचा मृत्यू आहे तो भाग त्यांनी आधीच शूट करून घेतला, कारण मेलेल्या प्वारोवर निरोप घ्यायचा नव्हता. शेवटचं शूटिंग झालं ते 'डेड मॅन्स फॉली'चं, डेव्हनमधल्या ग्रीनवेला, ख्रिस्तीबाईंच्या स्वतःच्या घरी. तुम्ही मात्र 'कर्टन' शेवटीच बघा, आणि सूनबाईंना आधी काही सांगू नका.